दोन बटणांचा मी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेमचा रिमोट आहे. अंगावर दिशेची एक फुली आणि दोन लाल बटणं, संपली माझी इस्टेट. चौलचे चांगदेव मिठाचा ट्रक चालवायचे. मुलगा रितेश लहान असताना त्यांनी मला पनवेलहून आणलं. मला ज्याच्या हातात द्याल तो लगेच खेळू लागायचा. शेजारची नीराबाई मासळी विकून आली की टोपली दारात ठेवून एक डाव खेळून जायची. मी खेळायला सोपा होतो, जिंकायला मात्र नव्हतो, आणि याचा मला अजून तोरा आहे.

रितेश मोठा झाला, नोकरीला लागला आणि मी माळ्यावर गेलो. पुढे त्याच्या मुलीसाठी, ऋतिकासाठी, नवा रिमोट आला. त्याच्यावर बटणंच बटणं. गिअर वेगळा, आरसा वेगळा, हॉर्न तर खऱ्यासारखा वाजायचा. खोटं कशाला बोलू, त्याचा खेळ माझ्यापेक्षा कितीतरी देखणा होता. ऋतिका त्यात तासन्‌तास रमायची.

यंदा चांगदेवांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. "त्यांना बोलतं करा, जितका उशीर तितकं अवघड," असं डॉक्टरांनी बजावलं. पण ते नुसते भिंतीकडे बघत बसायचे. ऋतिकाने त्यांना आपला रिमोट दिला. तो दोन्ही हातांनी धरावा लागे. एका हाताने कोणकोणतं बटण दाबणार? गाडी दरीत गेली आणि त्यांनी रिमोट बाजूला सारला.

तेव्हा त्यांची बायको ठमी म्हणाली, "ऋतिका, माल्यावरचा तुझ्या बापाचा रिमोट काढ गो. तो सोपा हाय."

"आई, तो आता कुठला चालतोय?" रितेश म्हणाला.

"लावून तं बघ."

मी चाललो. मला मांडीवर ठेवून चांगदेव डाव्या हाताने खेळू लागले. माझं बटण दाबलं की गाडी पळते, सोडलं की थांबते. घाटाचा उतार लागला. समोरून एक गाडी चढत येत होती. चांगदेवांनी बटण सोडलं.

"आजोबा, थांबू नका, नंबर जाईल."

त्यांनी मान हलवली. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा ट्रकवाल्यांचा रिवाज. तो ते खेळातही मोडेनात. मग त्यांचं बोट माझ्या अंगावर हॉर्न शोधू लागलं. माझ्याकडे तो कुठला असायला? त्यांनी घसा ताणला, ओठ कसेबसे जुळवले आणि तोंडानेच वाजवला, "पोंऽऽ."

चढणारी गाडी जवळ आली.

"जा," चांगदेव तिला म्हणाले. "जा तू."

ठमी होती तिथेच खाली बसली. "बोलला गो तुझा आजा," ती ऋतिकाला म्हणाली.

शर्यतीत ते शेवटचे आले, आणि मी जन्मात इतका फुललो नव्हतो. मित्रांनो, नवी बटणं खुशाल दाबा. पण साधी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा लावून बघा. तिच्यात जे नसतं, ते कधी कधी माणूस स्वतःचं घालतो. आता मी माळ्यावर राहत नाही. रोज दुपारी चांगदेव मला मागून घेतात, आणि तोंडाने मागतात.