मागच्या डाव्या चाकाचा काटा

लोणी काळभोरच्या जयसिंगकडे जमीन होती, ट्रॅक्टर होते, आणि आतून खरवडून एकच खुर्ची शिल्लक ठेवलेली एक जुनी छोटी मोटार होती. ती रस्त्यावर चालवायची नव्हे, क्लबाच्या ट्रॅकवर पळवायची. गेल्या खेपेला डाव्या वळणावर ती इतकी कलली आणि अशी गरगरली, की जयसिंगने म्हणे आतल्या आत बसून स्वतःच्या गाडीची मागची नंबरप्लेट वाचली. गाडी थांबली तेव्हा क्लब चालवणारे दीनानाथ सावकाश चालत आले. त्यांनी आधी चष्मा पुसला.

"पुढच्या रविवारी आणखी एक गिरकी घेतलीत, तर आपली जागा प्रेक्षकांत. तिथे सावलीही आहे."

जयसिंगला सावली नको होती. एरवी तो कुणाचा मुलगा, कुणाचा चुलता, कुणाच्या बांधाच्या भांडणातला पंच. ट्रॅकवर तेवढा तो कुणाचा कुणी नसायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी बिबवेवाडीत दिगंबरच्या गॅरेजात उभी राहिली.

दिगंबर मूळचा पेठेतला. गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यायचा, पण एक पाय आखूड असलेलं. माणूस फार वेळ बसत नाही.

"सगळ्यात कडक स्प्रिंगा टाका," जयसिंग म्हणाला. "उसाच्या ट्रॉलीला आमी स्प्रिंगचं पाटं वाढवतो. जेवढं पाटं जास्त, तेवढी ट्रॉली ताठ."

"अहो, ट्रॉलीत ऊस असतो. तो तक्रार करत नाही."

"टाका तुमी."

वाद घालण्यापेक्षा गिऱ्हाइकाला एक फेरी मारून आणावं, असा दिगंबरचा धंद्याचा नियम. त्याने कडक स्प्रिंगा टाकल्या. जयसिंग बिबवेवाडीच्या गल्ल्यांतून फिरून आला. रस्त्यात पडलेल्या वर्तमानपत्रावरून गाडी गेली, तर मथळा थेट मणक्याला वाचता येत होता. बारीक मजकुरासाठी जरा हळू जावं लागे. एका गतिरोधकावर गाडी जी उडाली, ती खाली येईपर्यंत मागच्या रिक्षावाल्याने पान लावून घेतलं. जयसिंग उतरला तेव्हा बोटभर बुटका झाला होता.

"कशा वाटल्या?"

"दुसऱ्या दाखवा."

दुसऱ्या मधल्या ताकदीच्या होत्या. दाबल्या तर दबणाऱ्या, पण लगेच सावरणाऱ्या. त्या ज्या नळीवर बसतात तिला बाहेरून आटे, आणि आट्यांवर फिरणारी एक रिंग. रिंग वर चढवली की गाडीचा तेवढा कोपरा उचलला जातो आणि त्या चाकावर भार वाढतो. पण भार एकट्या त्या चाकावर वाढत नाही, तिरक्या समोरच्या चाकावरही वाढतो. खाटेच्या एका पायाखाली वीट सरकवावी, तसं.

"आता चारी चाकांवर किती भार येतो ते मोजायला हवं," दिगंबर म्हणाला. "चार काटे लागतील."

काट्यांची जयसिंगला काय वाण? त्याचा कांदा घेणारा अनंत आडत्या होता. त्याच्या गाळ्यावरून पोती जोखायचे, खाली चौथरा आणि वर दांडी असलेले चार काटे टेम्पोतून आले. सपाट जमिनीवर ते मांडून, फळ्या टाकून गाडी त्यांच्यावर चढवली. एका काट्याच्या दांडीला तारेने एक जाड नट बांधलेला होता. दिगंबरने तोही फडक्याने पुसून घेतला.

चालवणाऱ्याचं वजन धरायचं म्हणून जयसिंग आत बसला.

"हलू नका. आणि तो वडापाव?"

"खाल्ला."

"मग पुन्हा मोजतो."

मागच्या डाव्या चाकावर भार बराच कमी निघाला. दिगंबरने खडूने खूण करून तिथली रिंग चढवली. शेवटी डावी-उजवीकडची जोडी तंतोतंत जुळली. दोघं समाधानाने चहाला गेले.

रविवारी डाव्या वळणावर गाडी अशी चिकटून गेली, की जणू तिथलीच रहिवासी. जयसिंगने आत मोठ्याने स्वतःला शाबासकी दिली. पुढच्या उजव्या वळणावर मात्र मागची बाजू सटकली, गाडी आडवी झाली, आणि दीनानाथांच्या बुटांसमोर थांबली.

दीनानाथांनी वाकून खिडकीत पाहिलं. "ही अर्धी झाली. उरलेली अर्धी घेतलीत की घरी."

ट्रॅकबाहेर दिगंबर जॅक घेऊन थांबला होता, तिथे जयसिंग गाडी घेऊन आला. डावीकडे शहाणी आणि उजवीकडे वेडी, असं जनावर त्याने पाहिलं नव्हतं. स्टिअरिंगवर हात ठेवून तो बसून राहिला. मग त्याला डोळ्यांसमोर अनंतचा गाळा दिसायला लागला. हमाल पोती लोखंडी ढकलगाडीवरून आणतात. ढकलगाडीसकट एका ठराविक काट्यावर चढवतात. तिचं वजन दर वेळी कोण वजा करत बसणार?

"दिगंबरराव, त्यो नट."

"कुठला?"

"दांडीचा. त्यो पासंग हाय. ढकलगाडीचं वजन काट्यानंच खायचं, म्हणून बांधलेला. त्यो काटा आपल्या मागच्या डाव्या चाकाखाली हुता, आन् तिथलं तेवढं वजन त्यानं खाल्लं. कमी नव्हतंच ते."

"काट्यावर सरकारी शिक्का होता, जयसिंगराव."

"शिक्का काट्यावर हाय. नटावर न्हाई."

दिगंबरने वाकून नळीवरची खडूची खूण पाहिली. रिकामा काटा आधी तपासायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. आणि जन्मभर कांदा जोखलेल्या जयसिंगलाही ठाऊक होतं.

"रिंग उतरवली आणि तुमचा अंदाज चुकला," दिगंबर म्हणाला, "तर डाव्या वळणावर पुन्हा जुनी गत होईल."

"आन् न्हाई उतरवली तर उजव्यावर होईल. उतरवा."

जॅक लागला. दिगंबरने रिंग खडूच्या खुणेपर्यंत खाली आणली, चाक बसवलं आणि हात पुसत बाजूला झाला.

डावं वळण आलं. गाडी थोडी कलली, दबली, सावरली आणि पुढे गेली. आता ती तिथली रहिवासी वाटत नव्हती. पाहुण्यासारखी, पण रीतसर गेली. उजव्या वळणावर दीनानाथ निशाण घेऊन उभे होते. जयसिंगने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मागची बाजू जरा चुळबुळली आणि गप्प बसली. फेऱ्या संपेपर्यंत दोन्ही वळणांनी त्याला असंच जाऊ दिलं. वेगात तो शेवटून दुसरा होता.

तो ट्रॅकबाहेर आल्यावर दीनानाथ जवळ आले.

"पुढच्या महिन्यात सकाळी लवकर या. उशिरा आलात तर गेट उघडणार नाही."

"येतो साहेब," जयसिंग म्हणाला.

त्याने हातमोजे काढायला घेतले. घामाने ते असे चिकटले होते, की एकेक बोट सोडवावं लागलं.