फाटकावरचा खलनायक

शनिवारी सकाळी साडेपाच वाजल्यापासून म्खिझेंच्या स्वयंपाकघरात कडाक्याचं भांडण चाललं होतं. घरात मुलीला मागणी घालायला पाहुणे यायचे होते, तेव्हा भांडण त्यावरून असेल असं कोणालाही वाटेल. भांडण गाण्यावरून होतं.

"सात ढोल काढून टाकले, तुताऱ्या काढून टाकल्या, आणि तरी अंगावर सरसरून काटा येतो. ह्याला म्हणतात गाणं!" पाव वाफवायला ठेवता ठेवता मान्झामा काकू म्हणाल्या. ह्या शेजारच्या. उम्वोती स्मूथ वॉकर्स ह्या गायक मंडळाच्या त्या इतक्या भक्त, की आपल्या कोंबड्यालाही त्यांनी मंडळातल्या एका गवयाचं नाव दिलं होतं.

"काटा कशाला येतो माहीत आहे का? पाप ऐकलं म्हणून येतो," सिझाकेले आत्या म्हणाल्या. "चर्चमध्ये देवाचं गाणारी तोंडं ती. त्यांनी असलं गावं?"

गाणं होतं डर्बनच्या एका संगीत नाटकातलं, खलनायकाचं पद. नाटकात खोहला नावाचा एक गोडबोल्या मध्यस्थ असतो. तो मुलीच्या फाटकाशी उभा राहतो, तिच्या कुळाची बिरुदं अशी काही गातो की घरचे विरघळतात, फाटक उघडतात, आणि पोरगी जाऊन पडते भलत्याच म्हाताऱ्याच्या घरी. स्मूथ वॉकर्सच्या दहा जणांनी ते पद वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यावर बसवलं होतं. नऊ जण प्रेक्षकांकडे पाठ करून उभे. त्यातलेच काही कोंबड्या झालेले, एक कुत्रा झालेला, त्यातलाच एक नाकातून फाटकाची बिजागरी कुरकुरवणारा. आणि पुढे लांब काळा कोट आणि हॅट घालून खर्जवाला, बेकी खुझ्वायो. महिन्याभरात ते गाणं डोंगरातल्या झाडून सगळ्या फोनांवर पोचलं होतं.

पडद्यापलीकडच्या खोलीत चटईवर, खांद्यावरून ब्लँकेट घेऊन बसलेली बोनिसिले हे सगळं ऐकत होती. ग्रेटाउनच्या दवाखान्यात ती परिचारिका होती, भल्याभल्यांना गप्प बसवायची. आज मात्र जिची बोलणी व्हायची तिने बाहेर डोकावायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही, हा रिवाज. आणि तिला जे ठाऊक होतं ते स्वयंपाकघरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बेकी खुझ्वायो हा तिच्या बोंगुमुसाचा सख्खा काका होता, आणि आज मागणी घालायला तोच येत होता.

"दुसरं कोणी नाही का रे तुमच्याकडे?" तिने बोंगुमुसाला आठवडाभर आधीच विचारलं होतं.

"बाबा म्हणतात, बेकीचा आवाज फाटकापासून चुलीपर्यंत पोचतो. आणि कोट-हॅट नसली की कोण ओळखतंय त्यांना?"

पुरुषांची अक्कल! आवाज पोचावा म्हणून माणूस पाठवायचा आणि आवाज कोणी ओळखणार नाही अशी आशा धरायची. बोनिसिलेची सगळी भिस्त एवढ्यावरच होती, की आत्या फोनवरची गाणी ऐकत नाहीत. आज फाटक उघडायचं की नाही हे आत्या ठरवणार. त्या वडिलांच्या मोठ्या बहीण, त्यांच्या शब्दापुढे वडीलसुद्धा जात नसत. आणि बोंगुमुसाचे वडील भारी मानी. फाटकावरून एकदा परत पाठवलं, की ते पुन्हा त्या वाटेला फिरकणारे नव्हते. चार वर्षं जमवत आणलेलं लग्न आज ह्या एका फाटकावर अडलं होतं.

"मला तर ते अजिबात श्वास न घेता गातात ते आवडतं," आई म्हणाली. "एवढी लांबलचक बिरुदं, आणि मध्ये कुठे म्हणजे कुठे थांबत नाहीत."

"घेतो श्वास," आत्या म्हणाल्या. "तिसऱ्या फेऱ्यात घेतो. तेव्हा मागचे दोघे त्याचाच सूर उचलून धरतात म्हणून कळत नाही."



"वन्सं," आई हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही ऐकलंय तर."

"तिसऱ्या फेऱ्यापर्यंत!" मान्झामा काकूंनी टाळीच वाजवली. "आणि आम्हाला पाप सांगताय!"

"शत्रूची चाल माहीत असावी माणसाला," आत्या फणकारल्या आणि त्यांनी भांड्यावर झाकण आपटलं.

बोनिसिलेने ब्लँकेटमध्ये तोंड खुपसलं. संपलं सगळं! जी बाई श्वासाची जागा सांगते ती आवाज ओळखणार नाही होय?

सहा वाजता धुकं अंगणाबाहेर सरकलं, कुत्रा भुंकला, आणि फाटकाकडून हाक आली.

"म्खिझे!"

एकच शब्द. पण तो असा खालून आला की कपाटातल्या बश्या किणकिणल्या. मान्झामा काकूंच्या हातातला चमचा खाली पडला.

"अगं बाई! खोहला!"

"कोण?" आई म्हणाली.

"बेकी खुझ्वायो! आपल्या फाटकावर! अहो, साक्षात! मी मरते आता!" काकू खिडकीकडे धावल्या. "तोच. कोट नाही, हॅट साधीच आहे, पण तोच. बाकी दोघे कोण आहेत कोणास ठाऊक."

आत्या जागच्या हलल्या नाहीत. मग पडदा बाजूला करून त्या बोनिसिलेसमोर उभ्या राहिल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो, आत्या. ते बोंगुमुसाचे काका आहेत."

"आणि गप्प बसलीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही आधीच नाही म्हणाला असता."

"म्हणालेच असते," आत्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "कोणी उत्तर द्यायचं नाही. कोणी फाटकाकडे जायचं नाही. कुत्र्यालासुद्धा आत घ्या."

"अहो वन्सं, ते नाटक आहे," आई काकुळतीला आली. "खाटकाचं काम केलं म्हणून माणूस खाटीक होतो का?"

"जो इतका गोड खोटं गातो, त्याला ते येतं म्हणून गातो." आत्यांचा आवाज एकदम उतरला. "माझ्या दाराशी आला होता ना असाच एक. चहाला आधण यायच्या आत बाबांनी फाटक उघडलं. नऊ वर्षं मी त्या घरात काय काढलं ते तुम्हाला माहीत आहे. ह्या पोरीचं तसं होऊ देणार नाही."

ते खरं होतं. आत्या नऊ वर्षांनी एका बोचक्यानिशी माहेरी आल्या तेव्हा बोनिसिले चार वर्षांची होती. त्यांच्याच कुशीत झोपून ती मोठी झाली. म्हणून तर तिला आत्यांचा रागही येईना. तिला नुसतं रडू यायला लागलं.

बाहेर तोवर बातमी पसरली होती. समोरच्या कुंपणावर माणसं गोळा झाली, दोन शाळकरी मुली रात्रीच्या कपड्यांतच फोन घेऊन धावल्या.

"खोहला! म्हणा ना ते पद!" कोणीतरी ओरडलं.

"बिजागरी आम्ही कुरकुरवतो, तुम्ही नुसतं गा!"

"वन्स मोअर!" एक म्हातारा ओरडला. अजून एकदासुद्धा झालं नव्हतं, पण त्याला धीर नव्हता.

बोनिसिलेच्या फोनवर बोंगुमुसाचा निरोप आला. तो खाली डांबरी रस्त्यावर गाडीत बसून होता, कारण नवऱ्या मुलानेही आज तोंड दाखवायचं नसतं. "उघडलं का?"

"नाही. गाऊ नका म्हणावं. गायले तर मेलो आपण."

"काकांचा फोन माझ्याकडेच आहे."

तिने फोन चटईवर आपटला. मग खिडकीच्या कडेशी, पडद्याआडून, रिवाज मोडून तिने एक डोळा लावला.

बेकी खुझ्वायो फाटकाबाहेर उभा होता. रंगमंचावर केवढा दिसायचा. इथे नुसता एक मध्यमवयीन माणूस, इस्त्रीची घडी जरा जास्तच कडक असलेली पँट, हातात काठी. कुंपणावरच्या लोकांकडे वळून त्याने डोक्यावरची हॅट काढली.

"बाबांनो," तो म्हणाला, "आज नाही. आज मी खुझ्वायोंच्या घरचं तोंड आहे. खोहला काय बोलतो ते मी आज ह्या फाटकावर बोललो, तर ह्या घरातली माणसं माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवतील?"

"अरेरे," मान्झामा काकू खरंच हळहळल्या. "एक कडवं तरी."

"गायला नाही," आई वन्संकडे बघत म्हणाली.

"ऐकलं मी," आत्या म्हणाल्या. "गोडबोल्या नाही म्हणतानाही गोडच बोलतो." पण त्या खिडकीपासून दूर गेल्या नाहीत.

खुझ्वायोने घसा साफ केला आणि म्खिझेंची बिरुदं म्हणायला सुरुवात केली. पहिली दोन झकास गेली. खर्ज अंगणभर पसरला, कोंबड्या गप्प झाल्या. पुढे घरातल्या पूर्वजांची नावं यायची, सगळ्यांत जुन्यापासून खाली एकेक. तिसरं नाव आलं, आणि चौथ्यापाशी माणूस थांबला.

मागे सूर उचलून धरायला कोणी नव्हतं. एवढी शांतता त्याच्या पदात कधी झाली नसेल.

"पुन्हा म्हणतो," तो म्हणाला आणि पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा तिसरं नाव, पुन्हा चौथ्यापाशी गाडी रुतली. बरोबरच्या दोघांपैकी एक त्याच्या कानात काहीतरी कुजबुजला.

"मालुसी!" खुझ्वायो आनंदाने गरजला.

"मालुसी?" आत्या पुटपुटल्या. "ज्यांचं नाव यायचं, मालुसी हा त्यांचा कुत्रा होता!"

कुंपणावरच्यांनाही हे ठाऊक होतं, तिकडे हशा पिकला. मुलींनी फोन आणखी उंच धरले. खुझ्वायोच्या कपाळावरून घाम ओघळत होता, त्या थंडीत. "चुकलं," तो म्हणाला. "माफ करा. वाटेत येताना येत होतं. बायकोसमोर दहा वेळा म्हणून दाखवलं होतं." काठीवर दोन्ही हात ठेवून तो तिसऱ्यांदा सुरू झाला. आता आवाजातली सगळी ऐट गेली होती. शाळेत फळ्यासमोर उभ्या केलेल्या पोरासारखा तो एकेक नाव चाचपत पुढे जात होता. पहिलं. दुसरं. तिसरं.

बोनिसिलेला वाटलं, आपणच ओरडून सांगावं आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं. पडद्याच्या फटीतून दिसत होतं, पलीकडे आत्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली होती आणि त्यांचे ओठ हलत होते.

"आणि... ज्यांनी... थुकेला नदी..." खुझ्वायो म्हणाला. "थुकेला नदी ओलांडून..."

"मावेलेला!" आत्या ओरडल्या. "मावेलेला, अरे माणसा! थुकेला ओलांडून ज्यांनी हे घर बांधलं! एवढं नाव येत नाही?"

आवाज अंगण ओलांडून फाटकावर आदळला.  आतल्या खोलीत उंच खुर्चीवर सकाळपासून मुकाट बसलेले बोनिसिलेचे वडील उठून स्वयंपाकघराच्या दारात आले.

"अक्का," ते म्हणाले, "घरातून उत्तर गेलं. आता पाहुण्यांना बाहेर ठेवता येणार नाही. रीत आहे."

"रीत मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. विचारतोय. उघडू?"

आत्यांनी फाटकाकडे पाहिलं. तिकडे खुझ्वायो हॅट छातीशी धरून "मावेलेला, मावेलेला" असं स्वतःशीच घोकत होता, पुन्हा विसरू नये म्हणून.

"माझ्या दाराशी आला होता त्याला माझ्या खापरपणजोबांपर्यंत सगळी नावं मुखोद्गत होती," त्या म्हणाल्या. "एक चुकलं नव्हतं. बाबा म्हणाले होते, बघ, किती अगत्याने शिकून आलाय." त्यांनी पदराएवढ्या मोठ्या शालीच्या टोकाने डोळे पुसले. "ह्याला बिचाऱ्याला कुत्र्याचं नाव आठवलं. उघड जा."

मान्झामा काकू वडिलांच्याही आधी फाटकाकडे धावल्या. बिजागरी कुरकुरली आणि कुंपणावरून अशा टाळ्या पडल्या की खुझ्वायो सवयीने वाकून नमस्कार करायला लागला, मग लाजला आणि आत आला.

बोनिसिलेने दोनच शब्द लिहिले, "उघडलं. आत्यांनी." फोन ठेवते तोच पडदा सरकला आणि आत्या आत आल्या. त्यांनी तिचं ब्लँकेट खांद्यावर नीट केलं, चटईवर तिच्याजवळ टेकल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"आता खरं सांग. तुझ्या त्या बोंगुमुसाला गाता येतं?"

"नाही, आत्या. अगदी बेसूर आहे."

"आणि बोलायला?"

"मला मागणी घालायला त्याला दोन वर्षं लागली."

"मग चांगला आहे," आत्या म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसल्या.