चार बोटं अरुंद फाटक

मित्रांनो, मी एक जुनी लोटगाडी आहे. बाभळीच्या फळ्या आणि सायकलची चार चाकं, एवढाच माझा देह. भुसावळच्या एका सुताराने मला घडवलं आणि हाशमभाईंनी जळगावला आणलं. हाशमभाई पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचे. बावीस वर्षं मी त्यांच्यासोबत तिथल्या मेहरूण भागातल्या गल्लीबोळांत फिरले. लग्नसराईत माझ्यावर गाद्यांची एवढी चळत असायची, की मला ढकलणारे हाशमभाई समोरून दिसायचेच नाहीत.

मग घरोघरी फोमच्या गाद्या आल्या. आमच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यातच हाशमभाईंची भाड्याची खोली मालकाने विकली आणि नव्या मालकाने पाडली. लोकांच्या गाद्या भरणारा माणूस बायकोला घेऊन रस्त्यावर आला. रईसाबी माझ्यावर झोपायच्या, हाशमभाई माझ्याखाली. तीन महिने असेच गेले. येणारे-जाणारे एवढंच म्हणायचे, "गाडी बाजूला घ्या."

एका सकाळी रईसाबी तापाने फणफणल्या. हाशमभाईंनी त्यांना माझ्यावरूनच सरकारी दवाखान्यात नेलं. आठवड्याने ताप उतरला. घरी सोडताना परिचारिकेने पत्ता विचारला, तेव्हा हाशमभाईंनी खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. तिला कळलं. तिने बेघर निवारा केंद्रात फोन केला आणि केंद्र चालवणाऱ्या नूतनताई स्वतः न्यायला आल्या.

केंद्रापाशी पोचलो आणि घोळ झाला. फाटक माझ्यापेक्षा चार बोटं अरुंद.

"गाडी बाहेरच राहू द्या," ताई म्हणाल्या.

"नही ताई, गाडी गई तर बठ्ठं गयं," हाशमभाई म्हणाले. "आमचं सगळं काही हीच आहे. तुम्ही रईसाला आत न्या. मी गाडीजवळ राहतो."

रईसाबी पायरीवरच बसल्या. "मग मीपण बाहेर. एकटीला आत झोप लागेल का?"

माझ्यापायी या दोघांचं छप्पर जात होतं. स्वतःहून निघून जाता आलं असतं, तर मी गेले असते.

ताईंनी मला एकवार नीट न्याहाळलं. ओढणी कमरेला बांधली आणि राखणदार चुडामणभाऊंना हाक मारली. "चाकं काढा. आडवी करून नेऊ."

तिघांनी मला कुशीवर घेतलं. माझी एक कड खरचटली, पण मी आत गेले. जोडप्यांच्या खोलीत शिरून रईसाबींनी आतून कडी लावली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू आलं. भरदुपारी दोघं गाढ झोपली होती.

पुढे हाशमभाईंनी केंद्रातल्या चपट्या झालेल्या गाद्या उसवल्या, कापूस पिंजला आणि एकेक नव्याने भरली. ते पाहून एका वसतिगृहाने त्यांना बोलावलं, मग दुसऱ्याने. आता मेहरूणमध्ये त्यांची भाड्याची खोली आहे. माझं एक चाक डगमगतं, पण आम्ही रोज निघतो.

मित्रांनो, लाकडालाही ऊनपाऊस सोसत नाही, मग माणसाला कसा सोसावा? रस्त्याकडेला कोणी झोपलेलं दिसलं तर घरच्या मोठ्यांना सांगा, गावातल्या निवाऱ्याला कळवा. आणि त्या माणसाजवळ जे काही उरलं असेल, गाडी, गाठोडं, एखादं कुत्रं, त्यालाही जागा द्या. ते बाहेर टाकून माणूस आत येत नाही.