दोन्ही हातांनी

"फोटो गेले नाहीत ना हो?" नवरीच्या काकांनी जिन्यावरून वाकून विचारले.

खाली फोटोग्राफर उताणा पडला होता, कॅमेरा छातीशी कवटाळून. "एकही नाही!" तो नेहमीच्या ऐटीत म्हणाला. पडण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. आजवर तो स्टुलावरून पडला होता, चालत्या टेंपोतून पडला होता, एकदा तर सत्कारमूर्तींसकट व्यासपीठावरून. ढोपरे फुटली, पुढचा दात गेला, पण कॅमेऱ्यावर ओरखडा नाही. कॅमेऱ्याचा विमा होता, त्याचा नव्हता. पण पडताना हे कधी सुचले नाही. असले किस्से तो चारचौघांत रंगवून सांगायचा आणि घरी बायकोकडून पाठीला मलम चोळून घ्यायचा. "पाठ काय भाड्याने आणलीय?" एवढेच ती म्हणायची.

मग त्याला तिचे कण्हणे ऐकू आले.

लग्न भाचीचे, म्हणून आज तीही आली होती. गुडघे दुखतात म्हणून उतरताना तिने त्याचा डावा हात धरला होता. पायरीवर कोणीतरी सरबत सांडले होते. पाय सटकला आणि त्याचे हात कॅमेऱ्याकडे गेले. दोन्ही.

तिच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर डोळे उघडताच तिने विचारले, "कॅमेरा ठीक आहे ना?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरे वाटले असते.

"अगं, मी मुद्दाम नाही सोडलं तुला. हात आपोआप गेले."

"माहीत आहे. मुद्दाम सोडलं असतंत, तर भांडले तरी असते."

"विकूनच टाकतो तो कॅमेरा."

"का? त्याचं काय चुकलं? त्याला धरलं, तो राहिला."

तेवढ्यात मुलगी डबा घेऊन आली. "बाबा, तुम्हाला कुठे लागलं का हो?"

"नाही." पडूनही काहीच लागले नाही, असे पहिल्यांदाच घडले होते. सांगताना त्याला चोरी पकडली गेल्यासारखे झाले.

पुढे एकदा तपासणी करून दोघे परतले, तर इमारतीची लिफ्ट बंद. कॅमेरा त्याने मुद्दाम घरीच ठेवला होता. पहिल्या पायरीशी त्याने रिकामे हात पुढे केले. "ये. धर मला."

तिने त्या हातांकडे नीट पाहिले. मग खांद्यावरची पर्स काढून त्यांत ठेवली.

"ही घ्या. आत चष्मा आहे, फुटायचा. सांभाळा हं."

एका हाताने कठडा धरून, दुसऱ्याने काठी टेकत ती चढू लागली. प्रत्येक पायरीवर थांबत होती. मागे वळून पाहत नव्हती.

तो तिच्यामागे चढत राहिला. पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून.