फियाट थांबली तेव्हा

उत्तरेश्वरने नरसाळं निथळू दिलं आणि ॲम्बॅसिडरच्या टाकीचं झाकण घट्ट फिरवलं. पलीकडे सटवा आपल्या फियाटमध्ये तेवढंच पेट्रोल ओतत होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

धरण आटलं होतं, ऊस उभ्याउभ्या वाळला होता आणि कारखान्याची चिमणी थंड पडली होती. संचालकांनी दोनपैकी एकच गाडी ठेवायची ठरवलं. ड्रायव्हरही तिचाच राहणार. मग वाद सुरू झाला. ॲम्बॅसिडरचा पत्रा जाड, माणसं जास्त बसतात, खड्ड्यांना तिचे स्प्रिंगचे पाटे दाद देत नाहीत. पण पेट्रोल फार पिते आणि चढाला धापा टाकते. फियाट हलकी, चपळ, थोड्या पेट्रोलात लांब जाणारी. फक्त उन्हात तापेल अशी भीती. शेवटी सुंदरराव नावाच्या संचालकांनी तोडगा काढला. सारखं पेट्रोल घालून दोन्ही गाड्या दिंद्रुडच्या रस्त्याला सोडायच्या. जी लांब जाईल ती ठेवायची. ते स्वतः फियाटमध्ये बसले, ॲम्बॅसिडरमध्ये त्यांनी कारकून बसवला.

निकाल उत्तरेश्वरला आधीच ठाऊक होता. फियाट बघता बघता दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंना भेगाळलेली रानं सरकत राहिली. काटा रिकाम्याकडे झुकत होता आणि तो उगाच पाय हलका ठेवून चालवत होता.

वळणापुढे फियाट उभी होती. बॉनेट उघडं. सुंदरराव लिंबाखाली बसून घाम पुसत होते. गाडी तापली म्हणाले, संपला विषय.

कारकुनाला बसायला सांगून उत्तरेश्वर पाण्याचा कॅन घेऊन धावला. पण वाफ नव्हती, तापल्या रबराचा वासही नव्हता. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली अर्धी फिरवली. उष्णतेचा काटा मधोमध थांबला, तापल्याच्या खुणेपासून लांब. त्याने सटवाकडे पाहिलं.

"किल्ली बंद कर," सटवा खालच्या आवाजात म्हणाला. "आमी दोगं नवरा-बायकू हाव. आमचा कोयता हुतोय. तुला एकट्याला कोन मुकादम नेतंय बे?"

उत्तरेश्वरची बायको सावित्री वारून वर्ष झालं होतं. घरात फक्त आंधळी आई. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, तिलाच कोयता म्हणतात. एकट्याला कुणी विचारत नाही.

त्याने किल्ली बंद केली. मग त्यानेच बॉनेट खाली पाडलं आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. फियाटला वळसा घालून तो पुढे गेला.

दिवाळीनंतर परमुलखात ऊसतोडीला निघालेला ट्रक भरला तेव्हा तो निरोपाला गेला. सटवा वर चढून बोचकी बांधत होता. त्याची बायको भामाबाई खाली उभी होती. ड्रायव्हरच्या घरात तिने कधी कोयता हातात धरला नव्हता. आता नवा कोयता काखेत होता, आणि पोट लुगड्यातूनही दिसण्याइतकं पुढे आलं होतं. हे उत्तरेश्वरला कुणी सांगितलं नव्हतं.

"भावजी, एक इचारू?" ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी गाडीच तापली हुती ना? का ह्यांनीच कायतरी चुकवलं? म्या लई बोलले ह्यांना."

वर सटवाचे हात दोरीवर थांबले.

"गाडीच तापली, वैनी," उत्तरेश्वर म्हणाला. "फियाटचं तसंच असतंय."

तिने मान हलवली. ट्रकवर चढायला तिला हाताचा आधार लागत होता. तो त्याने दिला.