तासाभराचं काम

इंद्रायणीने हेडफोन कानांवर चढवला, संगणकाचं बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून ती वाट पाहू लागली.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडल्याचा तो पहिला दिवस. संगणक शिकवणारा राधाकिसन ऑफिसच्या दारात उभा होता. हातात मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता आणि तो खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. संगणक सुरू होऊन पडद्यावर नाव विचारणारी चौकट येऊन थांबली होती. इंद्रायणीला ती दिसण्याचा प्रश्न नव्हता. ती सहा वर्षांची असताना तिची नजर गेली होती. तिने एक कळ दाबली, मग दुसरी. मग हेडफोन काढून ती वाकली, संगणकाच्या डब्याच्या मागच्या बाजूने बोटं फिरवत हेडफोनची पिन शोधली, ती आत दाबली आणि पुन्हा हेडफोन चढवला.

"पुंजारामभाऊ, लाईट हाये ना?" तिने शिपायाला विचारलं.

"हाये की. तुमच्या डोक्यावर पंखा फिरून राह्यला."

"मंग याला काय झालं? बोलंनाच."

राधाकिसन आल्या पावली मागे फिरला. लॅबपर्यंत गेला, वह्या टेबलावर टाकल्या, खुर्चीत बसला, उठला. तिला काय सांगायचं ते त्याने सुट्टीतच ठरवून ठेवायला हवं होतं. ठरवलं नव्हतं, कारण त्यासाठी आधी ते आठवावं लागलं असतं.

इंद्रायणी कॉलेजात टेलिफोन ऑपरेटर होती. केदारखेड्याहून जीपने यायची, फाटकाजवळ उतरायची आणि काठी न आपटता सरळ ऑफिसात जाऊन बसायची. औरंगाबादला ती एक कोर्स करून आली होती. तिथून तिने पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आणला होता आणि दोन वर्षांपूर्वी राधाकिसननेच तो ऑफिसच्या विंडोजवर बसवून दिला होता. इंग्रजी वळणाचा पुरुषी आवाज. केदारखेड्याला तो 'केडरखीडा' म्हणायचा. ऑफिसातले लोक त्याला इंद्रायणीबाईंचा साहेब म्हणत. त्या साहेबाच्या भरवशावर ती विद्यापीठाला जाणारी इंग्रजी पत्रं टाईप करायची. फोन नसेल तेव्हा राधाकिसनकडून ऐकून ऐकून ती प्रोग्रामिंगही शिकली होती. चारशे फोन नंबर शोधून देणारा एक छोटा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता. त्यातली एक चूक तिला आठ दिवस सापडत नव्हती. ती सापडली त्या दिवशी तिने दुपारचा डबा अख्ख्या ऑफिसला वाटला होता.

राधाकिसनचा जीव मात्र लिनक्सवर, विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीवर, होता. त्याचे वडील धुळाजी अजून मेंढरं राखत होते. घरात कॉलेजची पायरी चढलेला तो पहिलाच. लिनक्सची सीडी एका मित्राकडून हातात आली, आणि हे सगळं आतून उघडून बघता येतं, बदलता येतं, कुणाला विचारावं लागत नाही, हे कळल्यावर तो अक्षरशः दोन महिने दुसरं काही बोलला नाही. म्हणून प्राचार्य काकासाहेबांनी जेव्हा सांगितलं, की ऑफिसात आणि लॅबमध्ये मिळून आपल्याकडे अकरा मशीन आहेत, विंडोज ठेवायचं की लिनक्स घ्यायचं याचा नीट तुलना करून अहवाल द्या, तेव्हा त्याने तो जीव ओतून केला. पंधरा दिवस एकाच जातीच्या दोन मशीन शेजारी मांडल्या. कोणती किती वेळात सुरू होते, कोणती किती वेळा अडकते, फ्लॉपीतून व्हायरस कुठे शिरतो, पत्र लिहायला काय सोपं, प्रिंटर कुठे रुसतो, प्रोग्रामिंगची सी भाषा शिकवायला काय बरं. छपाईत आणि मराठी अक्षरांत विंडोज पुढे आहे, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं.

कच्च्या कागदावर अगदी खाली पेन्सिलने आणखी एक ओळ होती. 'आवाज. इंद्रायणीबाई.' विंडोजच्या रकान्यात बरोबरची खूण, लिनक्सच्या रकान्यात कोरी जागा. त्या कोऱ्या जागेकडे तो बराच वेळ बघत बसला होता. मग त्याने स्वतःला समजावलं, की हा एका माणसाचा प्रश्न आहे, सर्वसाधारण तुलनेत तो बसत नाही. खोडरबर घेऊन त्याने ओळ पुसली. कागदावरचा चुरा फुंकून टाकला. अहवाल मंजूर झाला, आणि सुट्टीत एकट्याने बसून त्याने अकराच्या अकरा मशीन पुसून लिनक्स चढवलं. ऑफिसच्या मशीनपाशी त्याचा हात थांबला का, हे त्याला नंतर किती आठवूनही सांगता आलं नाही. तिच्या फायली तेवढ्या त्याने आठवणीने सीडीवर काढून ठेवल्या.

दुपारी इंद्रायणीच लॅबमध्ये आली.

"सर, माझ्या मशीनचा आवाज गेला."

त्याने सांगितलं. विंडोज काढलं, नवीन बसवलं, तो जुना प्रोग्राम यावर चालत नाही. बोलताना तो तिच्याकडे न बघता की-बोर्डकडे बघत होता, जसं काही तिला ते कळणार होतं.

"नवीन हाये म्हणता, मंग चांगलंच असंल," ती म्हणाली. "पण सर, पुढच्या सोमवारी माझी परीक्षा हाये."

ते त्याला ठाऊक होतं. ऑफिसात कनिष्ठ लिपिकाची जागा निघाली होती. अर्ज दोनच, तिचा आणि धर्मराज नावाच्या एका मुलाचा. इंग्रजी पत्रात वीस चुका पेरून देणार, ऑफिसच्या मशीनवर बसून अर्ध्या तासात त्या दुरुस्त करायच्या. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडण्यातून सुटण्याचा तिला दिसणारा तो एकच रस्ता होता.

संध्याकाळी काकासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"राधाकिसन, त्या पोरीपुरतं जुनं परत बसवून द्यावं लागंल काय? जमंल का?"

जमणारच होतं. विंडोजची सीडी आणि आवाजाची सीडी, दोन्ही त्याच्या खणात होत्या. तासाभराचं काम. पण बाहेर फळ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की आपलं कॉलेज संपूर्ण लिनक्सवर गेलं आहे. जालन्याहून दोन कॉलेजांची माणसं ते बघायला येणार होती. अकरापैकी एक मशीन मागे गेली की पहिला प्रश्न हाच आला असता, की का.

"न्हाई सर," तो म्हणाला. "जुनं कशाला? याच्यातच बसवून देतो आवाज. आठवड्यात बोलायला लागंल."

"बघा बुवा. पोरीचं नुकसान नको."

"बिलकुल न्हाई होणार."

तो कामाला लागला आणि खरोखर लागला. जालन्याला जाऊन नेट कॅफेत बसून लिनक्ससाठीचा आवाज उतरवून घेतला. एका फाईलला अडीच तास लागले, मध्ये दोनदा लाईन तुटली. तास संपला की तो ऑफिसच्या मशीनपाशी, रात्रीही तिथेच. कापसाची वेचणी चालू होती. वडिलांनी दोनदा निरोप धाडला, तो गेला नाही. शनिवारी दुपारी डब्यातून खरखरत पहिला शब्द आला. राधाकिसनने पुंजारामला पळत पाठवून इंद्रायणीला स्टाफरूममधून बोलावून घेतलं.

तिने हेडफोन लावला. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"याला सर्दी झाल्यावानी वाटतं, सर."

"होईल बरी. तुम्ही बसा, सवय करून घ्या."

ती तासभर बसली. तो शेजारी उभा राहून एकेक कळ समजावत होता, तिने काही विचारायच्या आधीच उत्तर देत होता. इतकं बरं त्याला आठवडाभरात वाटलं नव्हतं. लिनक्समध्ये जे नाही ते त्याने आणलं होतं. अहवालात ती ओळ राहिली असती तर आता तिथेही खूण पडली असती.

"चालंल ना?" त्याने विचारलं.

"चालंल, सर," ती म्हणाली.

सोमवारी परीक्षा झाली. मंगळवारी काकासाहेबांनी दोन्ही पत्रांचे कागद त्याच्यापुढे ठेवले. धर्मराजच्या वीसपैकी सतरा चुका दुरुस्त होत्या. इंद्रायणीच्या पाच. आणि जिथे चूक नव्हती अशा बारा जागी तिने काहीतरी बदललं होतं.

"पोरगी हुशार हाये," काकासाहेब म्हणाले, "पण घाई नडली तिला."

राधाकिसनने तिचा कागद हातात घेतला. दुसऱ्या ओळीतली चूक तिने तिसऱ्या ओळीत दुरुस्त केली होती. सहाव्या ओळीतली सातव्या. दुरुस्ती बरोबर, जागा चुकीची. खालपर्यंत तेच. त्याला एका क्षणात कळलं. त्याने बसवलेला आवाज एक ओळ मागे राहत होता. ती खाली सरकली तरी तो आधीचीच ओळ वाचत होता. घाईचा काही संबंध नव्हता. चूक तिची नव्हती, लिनक्सचीही नव्हती, त्याच्या जुळणीतली होती.

त्याने कागद परत दिला. "हं," एवढंच म्हणाला.

धर्मराजने पेढे वाटले. भला मुलगा होता; इंद्रायणीच्या टेबलाशी जाऊन त्याने पेढा तिच्या हातात ठेवला. तिने तो अर्धा मोडला नाही, सबंध खाल्ला आणि त्याला अभिनंदन म्हणाली. राधाकिसन तेव्हा कपाटाच्या आड काहीतरी शोधत होता.

त्यानंतर तो ऑफिसच्या बाजूने जाईनासा झाला. लॅबला जायला मागून एक बोळ होता, तिथून जायचा. फोन मात्र चुकवता येत नव्हते. "सर, जालन्याहून लाईन हाये, जोडू का?" ती विचारायची, पहिल्यासारखंच, आणि तो रिसीव्हर कानाला लावून समोरच्याचं बोलणं अर्धं ऐकायचा. जालन्याची माणसं येऊन गेली. त्यांनी अहवालाची एक प्रत मागून नेली. जेवताना आईने काय झालं म्हणून विचारलं, तर लाईट फार जाती, काम होत न्हाई, असं काहीतरी तो बोलला.

चतुर्थीच्या दिवशी राजूरचा रस्ता गणपतीला निघालेल्या माणसांनी भरून गेला. अर्धी मुलं आलीच नाहीत, काकासाहेबांनी दुपारी कॉलेज सोडून दिलं. इंद्रायणीची जीप गर्दीत अडकली होती, म्हणून ती ऑफिसात बसून होती. राधाकिसनने खणातून दोन्ही सीडी काढल्या. तिची फायलींची सीडी घेतली. दोन गोष्टी सांगायच्या, असं त्याने ठरवलं होतं. एक पेन्सिलच्या ओळीची आणि एक तासाभराच्या कामाची.

"बाई, मी राधाकिसन."

"पावलावरून कळलं, सर. लई दिवसांनी आलात इकडं." तिने पुढची खुर्ची चाचपून त्याच्याकडे सरकवली. "बरं झालं आलात. मलाच तुम्हाला एक सांगायचं होतं."

तो बसला.

"त्या दिवशी, शनिवारी, मला कळलं होतं," ती म्हणाली. "तो आवाज मागं पडून राह्यला होता. एक ओळ. कधी दीड."

राधाकिसनने हातातल्या सीडी टेबलावर ठेवल्या.

"मंग बोलला का न्हाईत?"

"कसं बोलणार? आठ दिवस तुम्ही डबासुद्धा इथंच खाल्ला. पुंजारामभाऊ सांगायचे, सर वेड्यावानी बसून राहतेत. माझ्यासाठी कुणी इतकं कधी केलं न्हाई, सर. वाटलं, मोजून घेऊ, एक ओळ मागं धरून चालू. दोन दिवस घरी मनातल्या मनात तीच सवय केली. पण परीक्षेत तो कधी एक ओळ मागं, कधी दोन. मोजणी चुकली." ती हलकेच हसली. "काकासाहेबांना सांगितलं असतं तर परीक्षा पुढं ढकलली असती त्यांनी. पण मंग तुमचं काम वाया गेलं असं झालं असतं. म्हणून म्हटलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक माझीच हाये."

बाहेर रस्त्यावर एका जीपचा भोंगा वाजत राहिला आणि थांबला. राधाकिसनने तोंड उघडलं. पेन्सिलची गोष्ट आधी सांगायची असं होतं, ती कुठल्या कुठे गेली.

"बाई," तो म्हणाला, "जुनं परत टाकायला तासभर लागला असता."

ती त्याच्या आवाजाच्या दिशेला चेहरा करून बसली होती.

"कोणतं जुनं?"

"विंडोज. तुमचा साहेब. दोन्ही सीडी माझ्या खणात होत्या. काकासाहेबांनी मला विचारलंही होतं, तुम्ही आलात त्याच दिवशी. मी न्हाई म्हणलो."

"का?"

त्याला बरीच कारणं देता आली असती. त्याने एकही दिलं नाही. तिची बोटं टेबलाच्या कडेवरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"तासभर," ती म्हणाली.

"हो."

"आता हायेत का त्या सीडी?"

"आणल्यात."

"मंग टाका."

त्याने संगणक सुरू केला आणि सीडी आत सरकवली. ती उठून बाकड्यावर जाऊन बसेल असं त्याला वाटलं होतं. ती उठली नाही. डाव्या मनगटावरच्या घड्याळाची काच तिने नखाने उघडली, काट्यांवरून बोट फिरवलं आणि काच तशीच उघडी ठेवली. राधाकिसनने ते पाहिलं. पडद्यावर टक्के चढू लागले. मध्ये जीपवाला दारात येऊन हाक मारून गेला, "बाई, रस्ता मोकळा झाला." तिने त्याला थांबायला सांगितलं. फोन वाजला, तिने तो जोडून दिला आणि परत हात घड्याळावर ठेवला. विंडोज बसलं, मग आवाजाचं कार्ड, मग तिच्या फायली, आणि शेवटी तो प्रोग्राम. हेडफोन टेबलावरच होता. त्यातून बारीक, इंग्रजी वळणाचा आवाज बोलायला लागला.

इंद्रायणीने काट्यांवर पुन्हा बोट ठेवलं, नीट, दोनदा.

"बावन्न मिनिटं," ती म्हणाली आणि काच मिटवली.