मिठाच्या कुंडीतली देवी

गोरेगावच्या शिवारात मसाजीच्या मेंढ्यांना मीठ चाटायची दगडी कुंडी आहे. तिच्यात साचलेलं पावसाचं पाणी गुलाबी झालं आणि अख्खं गाव तिथं लोटलं.

"आई न्हाली रे! उन्हात जागी होते, सावलीत झोपते! डोळ्यात थेंब टाका, आंधळं पाहील!" ग्यानोबा महाराज ओरडत होता, आणि शिकलेसवरलेले लोकसुद्धा बाटल्या घेऊन रांगेत!

मी सत्यशीला, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या पुनमच्या डोळ्यांत फूल पडत होतं, बुबुळांवर पांढरे डाग. डॉक्टरांनी तातडीनं नांदेडला न्यायला सांगितलं होतं. तिची आजी नर्मदाबाई मात्र कुंडीचं पाणी टाकून राहिली होती.

"आजी, लेकरू किंचाळून राहिलं! काहून असं करता?"

"जळतं म्हंजे गुण येऊन राहिला. आधी आई खोटी हाय हे दाखवा, मंग नेते नांदेडला."

कपाळ माझं! पाया पडले, भांडले. बाई हलेना.

मिठाला पाणी लावू नये म्हणून मसाजी कुंडी कधीच धूत नसे. जुन्यावर नवं खडामीठ टाकायचा. तळचं मीठ पाण्यात विरघळवून मी दोन बरण्या भरल्या. एक चांगली उकळली. दोन्ही झाकून उन्हात ठेवल्या. उकळलेल्या बरणीपुढं महाराजाला रोज मंत्र म्हणायला लावला.

रंग चढायला महिना लागला. मंत्रवाली बरणी पांढरीच, बिनमंत्राची गुलाबी.

"काय महाराज, देवी उकळली की मरते का?" लोक खदखदून हसले.

मी सांगितलं, "हे खाऱ्या पाण्यातले जंतू, जुन्या मिठात टिकून राहतात, उकळले की मरतात. गुलाबी रंग त्यांचाच. त्यांच्या अंगावरच्या पातळ पडद्यात एक जांभळं प्रथिन असतं. ऊन पडलं की ते हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, आतून बाहेर फेकतं, मोटारीनं विहीर उपसावी तसं. ते कण परत आत शिरताना जंतूला ताकद मिळते. म्हणून उन्हात त्यांची चलती."

"बराबर हाय," मसाजी म्हणाला. "पण मॅडम, ते प्रथिन आईनंच बनवलं ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाटल्या पुन्हा भरल्या. महाराजाची आता आखाडा बाळापुरातही कुंडी आहे.

नर्मदाबाईनं मात्र शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी पुनमला नांदेडला नेलं. फार उशीर झाला, डॉक्टर म्हणाले.

बाबांनो, देव माना, नका मानू. पण डोळा दुखला तर आधी दवाखाना गाठा. माझ्या बरणीची वाट पाहू नका.

काल आजीचा हात धरून पुनम शाळेत आली. खिडकीतली बरणी तिनं चाचपडून हातात घेतली.

"मॅडम, लई गुलाबी झाली म्हणे. कशी दिसती?"